पुराच्या मेसेजमधून पाण्याची पातळी वाचायची कशी: आधी ओळ, मग आकडा

जुलै लागला की सांगलीत सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न एकच, आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला) पाणी किती झालं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांना पण पाठ आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना तर तो आकडा कुणी सांगावा लागत नाही. त्या दिवसांत ग्रुपवर दर दोन-तीन तासाला असा मेसेज फिरत असतो (आकडे उदाहरणासाठी माझ्या मनाचे घातलेत):

कृष्णा पूल, कराड : 21 फूट 3 इंच
भिलवडी पूल : 40 फूट
आयर्विन पूल : 39 फूट 10 इंच
अंकली पूल : नोंद नाही
म्हैसाळ बंधारा : ४४ फुट ५ इंच

मी हे मेसेज एका फाइलीत चिकटवत जातो आणि सी मध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम ते वाचून प्रत्येक पुलाला पाणी किती वेगानं चढतंय ते काढतो. ऐकायला सोपं वाटतंय, पण ओळीतून आकडा बरोबर काढणं ह्या एकाच कामात मी जेवढा वेळ घातलाय तेवढा बाकी सगळ्या प्रोग्रामला मिळून लागला नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला स्कॅनएफ (सी मधलं इनपुट वाचायचं फंक्शन) शिकवतात, दोन आकडे घ्या, बेरीज करा, झालं. खरी फाइल समोर आली की ते शिकलेलं पुरत नाही, म्हणून नीट सविस्तर लिहितोय.

एक सूचना आधीच, इथं सगळं देवनागरीत लिहिलंय, त्यामुळं %डी किंवा %एस दिसलं की टाइप करताना शेवटचं अक्षर इंग्रजीतलं छोटं घ्या. %डी म्हणजे पूर्णांक वाच, %एस म्हणजे एक शब्द वाच, %सी म्हणजे एकच कॅरेक्टर वाच. फाइलीतले आणि कोडमधले आकडे मात्र जसे असतात तसेच ठेवलेत.

आधी मी काय चुकवलं ते सांगतो, कारण निम्मं शिक्षण त्यातच आहे. पहिल्यांदा मी पुलांची नावं हातानं एका शब्दाची करून फाइल बनवली होती, म्हणजे आयर्विन 39 10, अंकली नोंद नाही, म्हैसाळ 44 5 अशी. लूपमध्ये %एस नं नाव वाचायचं, मग %डी %डी नं फूट आणि इंच, मग छापायचं. आयर्विन बरोबर आलं. अंकलीला आलो, नाव वाचलं, %डी पुढं गेला तर समोर "नोंद", आकडा नाही, म्हणून तो तिथंच थांबला. थांबला म्हणजे एरर देऊन नाही हां, गपचूप. व्हेरिएबलमध्ये आधीच्या फेरीचे 39 आणि 10 तसेच पडून होते, ते अंकलीच्या नावावर छापले गेले. पुढच्या फेरीत "नोंद" हेच पुलाचं नाव झालं, त्याला पण 39 10. मग "नाही" नावाचा पूल, त्याला पण 39 10. मग म्हैसाळला गाडी आपोआप रुळावर आली आणि तिथून पुढं सगळं बरोबर! "नोंद" आणि "नाही" ह्या दोन ओळी बघून कुणालाही कळलं असतं की गडबड आहे, पण अंकलीची ओळ एकटीच असती तर मला कधीच कळलं नसतं, आणि कुणीतरी त्या आकड्यावर सामान माळ्यावर चढवायचं का नाही ते ठरवलं असतं.

तर मुद्दा हा की स्कॅनएफ एक आकडा परत देतो, किती गोष्टी यशस्वीपणे भरल्या त्याचा. दोन मागितल्या आणि दोन भरल्या तर 2. पहिल्यालाच अडला तर 0. वाचायलाच काही उरलं नसेल तर ईओएफ (एंड ऑफ फाइल), जो बहुतेक ठिकाणी वजा एक असतो. हा परत आलेला आकडा न बघता पुढं जाणं म्हणजे दुकानदारानं दिलेले पैसे न मोजता खिशात घालणं. आणि तपासताना "0 आहे का" किंवा "वजा एक आहे का" असं विचारू नका, "मला हवे तेवढेच आले का" असं विचारा, कारण का ते पुढं येईलच.

दुसरी गोष्ट, स्कॅनएफला ओळ म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्यासाठी स्पेस, टॅब, नवीन ओळ सगळं एकच, %डी आणि %एस ते सगळं ओलांडून पुढं जातात (%सी मात्र ओलांडत नाही, म्हणून तर आकडा वाचल्यावर लगेच "हो का नाही" विचारलं की तो उत्तराच्या ऐवजी मागं राहिलेला एंटर उचलतो). आपल्या मेसेजचा सगळा अर्थच ओळीवर आहे, एक ओळ म्हणजे एक पूल. म्हणून फाइलीवर थेट स्कॅनएफ चालवणं मी बंदच केलं. एफगेट्स ह्या फंक्शननं अख्खी ओळ एका ॲरेत (मेमरीतल्या ठराविक मापाच्या जागेत) घ्यायची आणि मग त्या ॲरेवर एसस्कॅनएफ, म्हणजे फाइलीऐवजी ॲरेतून वाचणारा स्कॅनएफ, चालवायचा. एखादी ओळ खराब निघाली तर ती एकच ओळ वाया, पुढची स्वच्छ सुरू होते. मागं राहिलेला एंटर साफ करायला एफफ्लश स्टडइन (इनपुट रिकामं करायची आज्ञा) वापरा असं बऱ्याच नोट्समध्ये लिहिलेलं असतं, ते सी च्या नियमात बसतच नाही, कुठं चालतंय कुठं नाही, ओळ घेऊन काम केलं की त्याची गरजच पडत नाही.

एफगेट्सच का, ओळ वाचणारं जुनं फंक्शन गेट्स का नाही, तर गेट्सला ॲरे केवढा आहे ते सांगताच येत नाही, समोरून लांब ओळ आली की तो ॲरेच्या बाहेर लिहीत सुटतो. २ नोव्हेंबर १९८८ ला जो मॉरिस वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) इंटरनेटवर पसरला त्यानं आत शिरायला जे रस्ते वापरले त्यातला एक हाच होता, फिंगर सेवेतला गेट्स. २०११ च्या सी स्टँडर्डमधून तो काढूनच टाकला. नुसता %एस पण तसाच धोकादायक आहे बरं का, २० चा ॲरे असेल तर %19एस लिहायचं, एक जागा शेवटच्या शून्य बाइटसाठी.

एफगेट्सच्या दोन सवयी माहीत पाहिजेत. तो ओळीच्या शेवटचा एंटर पण सोबत ठेवतो, तो तुम्ही काढायचा, आणि फाइल विंडोजवरून आली असेल तर त्याच्या आधी कॅरेज रिटर्न नावाचं अजून एक न दिसणारं कॅरेक्टर पण असतं, तो पण काढायचा. दुसरी सवय, ॲरे भरला की तो मध्येच थांबतो आणि उरलेला तुकडा पुढच्या वेळी नवीन ओळ म्हणून देतो. इथं मराठीवाल्यांनी जास्त लक्ष द्यायचं, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह ३ बाइट घेतं. "आयर्विन" हा शब्द बघा, आ, य, र, हलन्त, व, वेलांटी, न, म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. इंग्रजी पुस्तकातला ८० चा ॲरे आपल्याला दीड-दोन शब्द जास्त आले तरी कमी पडतो. मी सरळ १०२४ घेतो, आणि तरीही शेवटी एंटर सापडला नाही आणि फाइल पण संपलेली नाही असं झालं तर ती ओळ "लांब आहे" म्हणून बाजूला काढून एंटर येईपर्यंतचं सगळं टाकून देतो.

आणि लूप चालवायचा तो एफगेट्सच्या उत्तरावर, नल (म्हणजे काही मिळालं नाही) आला की थांब. "फाइल संपली नाही तोवर" असा एफईओएफवाला लूप लिहिला की शेवटची ओळ दोनदा येते, कारण फाइल संपली हे त्याला वाचायला जाऊन रिकामं परत आल्यावरच कळतंय.

आता ओळ हातात आली. लगेच आकडा काढायला जाऊ नका, आधी धुऊन घ्या. वर म्हैसाळची ओळ बघा, आकडे देवनागरी आहेत. %डी ला ते आकडे वाटतच नाहीत, हा आकडा आहे का ते सांगणाऱ्या इझडिजिटला पण नाही. पण बदलून घेणं फार सोपं आहे, ० ते ९ ह्या प्रत्येकाचे ३ बाइट असतात, पहिला २२४, दुसरा १६५, आणि तिसरा १६६ ते १७५. म्हणजे ओळीत फिरत जायचं, २२४ आणि १६५ पाठोपाठ दिसले आणि तिसरा त्या टप्प्यात असला की त्यातून १६६ वजा करायचे, तो तुमचा आकडा, इंग्रजी शून्याच्या कॅरेक्टरमध्ये मिळवून एका बाइटमध्ये लिहायचा आणि तीन घरं पुढं जायचं. ह्यात माझा एक दिवस गेला तो एका बारक्या गोष्टीनं. साध्या इंटेल मशीनवर जीसीसीमध्ये (सी चा कंपायलर) "चार" हा कॅरेक्टरचा टाइप (चार हा अंक नव्हे) साइन्ड, म्हणजे वजा आकडे पण धरणारा, असतो, त्यामुळं २२४ हा बाइट वजा ३२ दिसतो आणि "२२४ आहे का" ही तुलना कधी खरी होतच नाही. अनसाइन्ड चार करून तुलना करा, लगेच चालू होतंय.

धुण्यातच अजून दोन गोष्टी उरकून घ्या. नोटपॅडमधून सेव्ह केलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन न दिसणारे बाइट असू शकतात, ते पहिल्या ओळीतून काढा, नाहीतर पहिल्या पुलाचं नाव दिसायला बरोबर असूनही कधी जुळणार नाही. आणि कॉपी-पेस्टमधून येणारी ती चिवट स्पेस, १९४ आणि १६० ची जोडी, तिच्याजागी साधी स्पेस टाका.

मग ओळ कापायची. नाव कुठं संपतंय आणि आकडे कुठं सुरू होतायत? स्पेसवर कापलं तर "आयर्विन पूल" चे दोन तुकडे, स्वल्पविरामावर कापलं तर "कृष्णा पूल, कराड" मधला कराड बाजूला पडतो. आपल्या मेसेजमध्ये नाव आणि आकड्याच्या मध्ये विसर्गासारखं दिसणारं कोलन आहे, त्यावर कापा, एसटीआर-सीएचआर नं ते शोधता येतं. (ओळीचे तुकडे करणारं एसटीआरटोक मला आवडत नाही, दोन चिन्हं लागोपाठ आली की तो मधला रिकामा रकाना गिळून टाकतो आणि मूळ ओळ पण मोडतो, मग एरर दाखवताना दाखवायला ओळच उरत नाही.) एक सावधगिरी, काही लोक कोलनऐवजी खरोखरच विसर्ग टाइप करतात, मराठी कीबोर्डवर तोच पटकन सापडतो, तर धुताना विसर्गानंतर स्पेस असेल तर त्याचं कोलन करून घ्या.

डावीकडं नाव, उजवीकडं आकडे. उजव्या बाजूसाठी माझा एसस्कॅनएफचा नमुना असा आहे:

%*[^0-9]%डी%*[^0-9]%डी%*[^0-9]%डी

वाचायला भीतीदायक आहे पण अर्थ साधा आहे. चौकोनी कंसात टोपी आणि 0-9 म्हणजे "आकडा सोडून बाकी काहीही, आकडा येईपर्यंत", आणि टक्क्यानंतरची चांदणी म्हणजे "वाच पण कुठं ठेवू नकोस, मोजू पण नकोस". मग आकडा. थेट "फूट" हा शब्द नमुन्यात घालता आला असता, पण लोक फूट, फुट, फू. असं सगळं लिहितात, त्यामुळं मधलं काहीही असो, ओलांडून जा.

तिसरा %डी का, आपल्याला तर दोनच हवेत? तो मुद्दाम आहे, पहारेकरी म्हणून. उत्तर 3 आलं तर समजायचं की ह्या ओळीत अपेक्षेपेक्षा जास्त आकडे आहेत, कुणीतरी "39 फूट 10 इंच, वाढ 2 इंच" असं काहीतरी लिहिलंय, ती ओळ बाजूला काढून माणसानं बघायची. हवंय त्यापेक्षा एक जास्त मागायचं ही युक्ती लय उपयोगी पडते, फुकटात ओळीच्या शेवटापर्यंतची तपासणी होते.

अजून एक खाच आहे. चौकोनी कंसवाल्याला किमान एक तरी कॅरेक्टर मिळालंच पाहिजे, शून्य मिळाली तर तो नापास आणि पुढचं सगळं बंद. कुणी कोलनला चिकटून 39 लिहिलं की संपलं. म्हणून उजवी बाजू कोलनच्या पुढून सुरू न करता कोलनपासूनच द्यायची, म्हणजे ओलांडायला एक कोलन कायम असतंच.

आता उत्तरं बघू. 2 आलं, ठीक. 1 आलं, म्हणजे "भिलवडी पूल : 40 फूट", बरोबर 40 असलं की लोक शून्य इंच लिहीत नाहीत. पण "40 फूट _ इंच" असं अर्धवट टाइप झालेलं असलं तरी 1 च येणार. म्हणून 1 आलं की ओळीत "इंच" शब्द आहे का ते एसटीआर-एसटीआर नं शोधायचं, नसेल तर इंच 0 धरायचे, असेल तर ओळ नाकारायची. आणि "नोंद नाही" ला काय येतं? तिथं आकडाच नाही, चांदणीवाला सगळी ओळ खाऊन टाकतो आणि %डी ला काही उरतच नाही. माझ्या लिनक्सवर ह्याला वजा एक येतं, स्टँडर्डचे शब्द काटेकोर वाचले तर 0 यायला पाहिजे असं वाटतं. म्हणूनच मगाशी म्हटलं, 0 का वजा एक ह्यात पडूच नका, हवं ते आलं का एवढंच बघा.

मेसेजच्या डोक्यावर "दि. 5 ऑगस्ट, सकाळी 8:00" असली ओळ असते, तिच्यात पण कोलन आहे! कापलं की उजवीकडं 00 उरतं, एक आकडा, "इंच" शब्द नाही, म्हणजे वरच्या नियमानं तो 0 फूट पाणी असलेला पूल झाला. म्हणून उजव्या बाजूला "फ" अक्षर असलंच पाहिजे ही अट घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टिंब. काही जण 39 फूट 10 इंच हे 39.10 असं लिहितात. पहिल्या आवृत्तीत मी अशी ओळ दिसली की %एलएफ नं दशांश म्हणून वाचायचो. एका रात्री पाणी चढत होतं आणि ग्रुपवर ओळीनं आलं, 39.9, मग 39.10, मग 39.11, मग 40.0. हे फूट-इंच म्हणून वाचा, दर वेळी एकेक इंच वाढतंय. दशांश म्हणून वाचा, 39.9 वरून एकदम 39.1, मग 39.11, आणि मग अचानक 40. म्हणजे पाणी इशारा पातळीला टेकायला दोन इंच राहिले होते तेव्हा माझा ग्राफ सांगत होता की पातळी पाऊण फुटानं उतरली. मी नदीकाठी राहतो, खाली जाऊन स्वतः पायरी बघितली म्हणून कळलं. त्या रात्रीनंतर प्रोग्राममध्ये फुटांचा दशांश हा प्रकारच ठेवला नाही. आकडा वाचला की लगेच सगळे इंच करतो, फूट गुणिले १२ अधिक इंच. 39 फूट 10 इंच म्हणजे ४७८, इशारा ४८०, धोका ५४०. पूर्णांकच, तुलना सरळ, वजाबाकी सरळ.

आणि टिंबाची ओळ आली तर? वरचा नमुना टिंब पण ओलांडून 39 आणि 10 असे दोन आकडे देईल आणि 2 परत करेल, पण लिहिणाऱ्याला 39.5 मधून पाच इंच म्हणायचंय का साडे एकोणचाळीस, हे त्या ओळीवरून कुठल्याच कोडला कळणार नाही. दोन आकड्यांच्या मध्ये नुसतं टिंब दिसलं की ("फू." मधलं नाही) ओळ नाकारायची आणि पाठवणाऱ्याला विचारायचं. तसंच इंच 0 ते 11 च्या बाहेर गेले किंवा फूट 70 च्या पुढं गेले तरी नाकारायचं.

कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याची, म्हणजे विसर्गाची, ओळ वेगळी पडते, "कोयना धरण विसर्ग : 32,100 क्युसेक". इथं %डी 32 वाचतो, स्वल्पविरामाला थांबतो आणि 1 परत देतो. म्हणजे परत आलेला आकडा तपासला तरी सगळं आलबेल दिसतं आणि बत्तीस हजार शंभरचे बत्तीस होतात! अशा ठिकाणी आधी दोन आकड्यांमधले स्वल्पविराम काढा (आपल्याकडं 1,05,000 अशी मांडणी असते, त्यामुळं तीन-तीनचे गट मोजत बसू नका), मग एसटीआर-टू-एल ("टू" म्हणजे टी-ओ, अंक नाही) वापरा. तो वाचणं कुठं थांबलं त्या जागेचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देतो, त्या जागेपासून पुढं फक्त स्पेस आणि "क्युसेक" असेल तरच आकडा मान्य. आकडा बसणार नाही एवढा मोठा असेल तर एररनोमध्ये (चुकीचं कारण ठेवायचा सी चा व्हेरिएबल) तसं सांगतो, %डी मध्ये ती सोयच नाही. आकडा कुठल्या पायात वाचायचा ते स्पष्ट 10 (दशमान) द्या. 0 दिला किंवा एसस्कॅनएफमध्ये %आय वापरला तर शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमान (फक्त 0 ते 7 अंकांचा) धरतात, मग "07 वा." बरोबर येतं आणि "08 वा." चा 0 होतो, सकाळी आठपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही. धरणाचा साठा मात्र खराखुरा दशांश आहे, कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), तो एसटीआर-टू-डी नं वाचायला काहीच हरकत नाही.

पायथॉनमध्ये करणार असाल तर निम्मी कटकट कमी, तिथला इंट देवनागरी "४४" थेट 44 म्हणून घेतो, आणि चुकीचं काही दिलं तर गप्प न बसता एक्सेप्शन फेकतो. पण टिंब, "नोंद नाही" आणि 8:00 हे तीन प्रश्न तिथं पण तसेच उभे राहतात, ते भाषेनं सुटत नाहीत.

नाकारलेली ओळ कधी गिळू नका. ओळ नंबर, कारण आणि अख्खी ओळ जशीच्या तशी वेगळ्या फाइलीत लिहा, आणि त्या पुलासमोर 0 किंवा जुना आकडा न छापता सरळ "वाचता आलं नाही" छापा. माझ्याकडं मे महिन्यात चालवायची एक चाचणी फाइल आहे, त्यात रिकामी ओळ, तारखेची ओळ, कोलनऐवजी विसर्गाचं चिन्ह असलेली, ४४ आणि 44 मिसळलेली, 39.10, 39 फूट 14 इंच, कोलनला चिकटलेलं 40, नुसतं "40 फूट", नुसतं "इंच", आणि शेवटी एंटर न मारता सोडलेली आयर्विनची ओळ, कारण फाइलीतली शेवटची ओळ बऱ्याचदा तशीच असते आणि एंटर सापडला नाही म्हणून तिला "लांब ओळ" ठरवून टाकून दिली तर नेमकी ताजी पातळीच जाते.